काठ कुणाचा, पाणी कुणाचं?

ठाणे, पालघर, रायगड, पुणे, सातारा या जिल्ह्यांतल्या नद्या-तलावांवर जाणाऱ्या मुंबईकर वाचकांची पत्रं यंदा बरीच आली. त्यांतली सहा निवडली आहेत. बहुतेकांच्या मुळाशी गोंधळ एकच आहे. आपण ज्याला सहज ‘तलाव’ म्हणतो तो सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर जवळजवळ नेहमीच धरणाचा जलाशय असतो. त्याला मालक असतो, आणि त्याचं पाणी पावसाइतकंच माणसाच्या हाताने चढतं-उतरतं.

प्रश्न : आमच्या सोसायटीतले पंचवीसेक जण पावसाळा संपल्यावर तानसा तलावाकाठी एक दिवस घालवायचं म्हणतात. मागे काही जण गेले होते, त्यांना रखवालदाराने फाटकावरूनच परत पाठवलं. हेच पाणी आमच्या नळाला येतं, मग काठावर बसायला मनाई कशी? — मुलुंड

उत्तर : नळाला येतं म्हणूनच मनाई आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर आणि मध्य वैतरणा हे पाच महापालिकेचे. भातसा आणि ऊर्ध्व वैतरणा राज्याच्या जलसंपदा विभागाचे. तानसाला दोन कुलपं आहेत. धरण पालिकेचं आणि भोवतालचं रान तानसा अभयारण्याचं. अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही, हे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ मध्ये आहे. परवाना कशासाठी मिळतो ते कलम २८ सांगतं, आणि त्यात पर्यटनही आहे. म्हणजे वाट बंद नाही, पण विचारून जायची आहे. धरणाच्या आवारासाठी पालिकेच्या जल अभियंता खात्याकडे लेखी अर्ज करा आणि रानासाठी वन्यजीव विभागाच्या कार्यालयात. दोन्ही अर्जांत तारीख, येणाऱ्यांची नावं, वाहनांचे क्रमांक आणि येण्याचं कारण लिहा. ‘सहल’ एवढंच लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. ‘पक्षीनिरीक्षण, २५ जण, सकाळी ७ ते ११, स्वयंपाक नाही’ असं लिहिलं की साहेबाला निर्णय घ्यायला काहीतरी हाताशी मिळतं.

विहार (१८६०) आणि तुळशी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहेत, तिथे सहलीचा विचार सोडा. पवईचं पाणी पिण्याचं नाही म्हणून काठावर फिरता येतं, पण त्यात मगरी आहेत. पाय सोडून बसायची ती जागा नव्हे.

इतर ठिकाणी मालक कसा ओळखायचा? धरणाच्या पायथ्याशी किंवा भिंतीच्या टोकाला फलक असतो. तो नसेल तर गावच्या तलाठ्याकडून गट क्रमांक घ्या आणि सातबारा उघडा, नाव समोर येतं. बारवी एमआयडीसीचं, मोरबे नवी मुंबई महापालिकेचं, वळवण-ठोकरवाडी-मुळशी टाटांच्या वीज कंपनीचे, आणि ज्याच्या पायऱ्यांवर निम्मी मुंबई भिजते ते लोणावळ्याचं भुशी तर रेल्वेचं. परवानगी, दंड, सुरक्षा, सगळं या मालकावर ठरतं. ‘सरकारी आहे, म्हणजे आपलंच’ हे वाक्य फाटकावर चालत नाही.

प्रश्न : मे महिन्यात कर्जतच्या बाजूला नदीत मुलं कमरेएवढ्या पाण्यात खेळत होती. आभाळ निरभ्र. तरी बघता बघता पाणी छातीला लागलं आणि दोन मुलं मधल्या खडकावर अडकली. पाऊस नसताना पूर कुठून आला? — डोंबिवली

उत्तर : तो पूर नव्हता, तुमच्या पंख्याची वीज होती. लोणावळा ते मुळशी या घाटमाथ्यावरचं पाणी निसर्गतः पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जातं. टाटांनी ते अडवून नळांतून पश्चिमेला कोकणात उतरवलं. खोपोलीचं वीजगृह १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. टर्बाइन फिरवून झालं की हे पाणी खालच्या नदीत सोडतात. खोपोलीचं पाताळगंगेत जातं, भिवपुरीचं उल्हासच्या खोऱ्यात, भिऱ्याचं कुंडलिकेत. म्हणून या नद्या मे महिन्यातही वाहत्या असतात आणि म्हणूनच त्या फसवतात. विजेची मागणी वाढली की टर्बाइन सुरू होतं, आणि खाली पाणी चढतं. कोलाडचं राफ्टिंग याच पाण्यावर चालतं. राफ्टवाला ज्याची सकाळी वाट बघतो त्याच पाण्याने खाली डुंबणारा बेसावध सापडतो.

आता बारकी गोष्ट. पावसाच्या पुराच्या खुणा सगळ्यांना सांगितल्या जातात : पाणी गढूळ होतं, पानं-काटक्या वाहत येतात, वरून घरघर ऐकू येते. वीजगृहाच्या पाण्यात यातलं काहीच दिसत नाही. ते जलाशयाच्या पोटातून आलेलं असतं, त्यामुळे स्वच्छ आणि गार असतं. पायाला एकदम गारवा लागला तर तीच पहिली सूचना समजा. खात्रीचा उपाय काठीचा. पाण्याच्या कडेला एक काठी पक्की रोवा, पाण्याच्या रेषेवर कोळशाने खूण करा आणि एका मोठ्या माणसाला दर पाच मिनिटांनी ती बघायचं काम द्या. चार बोटं पाणी चढलं की सगळे बाहेर, ‘अजून एकदा’ नाही. खूण खडकावर करू नका, तो ओला होतो आणि रेष हरवते.

बसायची जागा निवडतानाही एकच कसोटी लावा : परत निघायला पाणी ओलांडावं लागणार का? लागणार असेल तर ती जागा कितीही सुंदर असली तरी नको. बेटं आणि मधले खडक हेच सापळे. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा धक्का चौपट होतो, त्यामुळे मघाशी गुडघाभर पाण्यातून चालत गेलेला माणूस मांडीभर पाण्यातून परत येऊ शकत नाही. मुलं अडकलीच तर खडकाच्या सर्वांत उंच जागी बसवून ठेवा आणि ११२ ला फोन करा. टर्बाइन थांबलं की पाणी उतरतं. मरतो तो बहुधा मधेच उडी मारणारा.

पावसाळ्यात गणित बदलतं. दरवाजे असलेल्या धरणातून विसर्ग करण्याआधी भोंगा वाजतो आणि आकडा क्युसेकमध्ये जाहीर होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, तेव्हा ‘पाच हजार क्युसेक’ म्हणजे सेकंदाला जवळजवळ १ लाख ४१ हजार लिटर. लहान धरणांना दरवाजेच नसतात. ती भरली की सांडव्यावरून आपोआप वाहू लागतात आणि भोंगा कुणी वाजवत नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं, तेव्हा कुणी काही सोडलं नव्हतं. वरच्या डोंगरावरचं पाणी खाली आलं होतं. अशा ठिकाणी पावसाळ्यात जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली प्रवेशबंदी काढतात (जुन्या लोकांना हे १४४ म्हणून माहीत आहे), आणि ती मोडली तर न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होतो. निघण्याआधी जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन लावून बंदी आहे का ते विचारा. त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड आधी लावा, नाहीतर फोन मुंबईच्या कक्षात जाईल.

प्रश्न : राफ्टिंगला आणि बोटीत जे लाइफ जाकीट देतात ते चांगलं की वाईट, हे आपल्यासारख्याने कसं ओळखायचं? मला मिळालं त्याचा रंग पार उडालेला होता. — दादर

उत्तर : रंग उडाला म्हणजे कापड उन्हाने सडलं. चिमटीत धरून जोरात ओढा. टरकन आवाज आला तर परत द्या. मग जाकीट मधोमध दाबा. चांगला फोम दाबून सोडला की फुगून येतो. लोक जाकिटांवर उशीसारखे बसतात, त्यामुळे फोम पापडासारखा चपटा होतो आणि त्याची तरंगायची ताकद जाते. आत काही कुरकुरलं तर ते थर्माकोल असू शकतं. असं जाकीट घेऊच नका.

आतल्या पट्टीवर न्यूटनमध्ये आकडा आणि वजनाचा गट लिहिलेला असतो. ५० न्यूटन म्हणजे साधारण ५ किलोची उचल, आणि ती पोहता येणाऱ्याला पुरते. न पोहणाऱ्याने किमान १०० मागावं. आकडाच नसेल तर ते जाकीट शोभेचं. बक्कल सगळी लावा, पट्टे खालून वर आवळत जा, मग सोबत्याला दोन्ही खांद्यांना धरून जाकीट वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल आणि तुम्ही खाली राहाल. लहान मुलांना पायांमधून जाणारा पट्टा हवाच. मोठ्यांचं जाकीट ‘घट्ट बांधून’ मुलाला घालणं हा सर्रास दिसणारा आणि सर्वांत वाईट प्रकार.

राफ्टिंगवाल्याकडे पर्यटन संचालनालयाची नोंदणी मागा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात ती सांगितली आहे. हेल्मेट नसेल तर राफ्टमध्ये पाय ठेवू नका. बोटीच्या बाजूवर प्रवाशांचा आकडा रंगवलेला असतो, चढताना डोकी मोजा. सेल्फीसाठी सगळे एका बाजूला गेले की आकडा बरोबर असूनही बोट कलते.

प्रश्न : पवनेच्या काठावर तंबूत राहायला जाणार आहोत. काही ठिकाणी अगदी पाण्याला लागून तंबू देतात आणि पैसे जास्त घेतात. घ्यावा का? शिवाय काठावरच्या हिरव्या पट्ट्यात मुलांना क्रिकेट खेळता येईल ना? — ठाणे

उत्तर : पाण्याला लागून असलेली जमीन तंबूवाल्याची असणं कठीण. धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं तिथवरची, आणि तिच्या वरचीही थोडी, जमीन धरणासाठी संपादित झालेली असते. हद्दीचे दगड नीट बघितले तर सापडतात. त्यांच्या खालच्या अंगाला ठोकलेला तंबू हा धरणाच्या जागेतला तंबू. उठवला तर जास्तीचे पैसे तुमचेच गेले.

तो हिरवा पट्टा मैदान नाही. पाणी ओसरलं की उघडी पडणारी गाळाची जमीन वर्षापुरती कसायला देतात, तिला गाळपेर म्हणतात. ज्यांची शेतं धरणात गेली त्यांना ती देताना प्राधान्य असतं. तुमच्या मुलांच्या चेंडूखाली कुणाचं तरी वर्षाचं पीक असू शकतं. पीक नसलेल्या जागीही जपा. उन्हात वरचा गाळ सुकून त्याची पापडी होते, खाली मांडीभर चिखल असतो. पाय रुतला तर ओढाओढ करू नका. मागे बसा, पाठीवर पसरा आणि पाय सावकाश हलवत सोडवा. बुडालेल्या गावांच्या विहिरीही या पाण्यात असतात. घोट्याएवढ्या पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या पावलाला नाहीसा होतो, त्याचं एक कारण हे.

तंबू पाण्यापासून लांब, उंचवट्यावर, वाऱ्याकडे पाठ करून लावा. शौचाचा खड्डा काठापासून ६० मीटर तरी दूर आणि वीतभर खोल हवा. हे पाणी पिंपरी-चिंचवड पितं. पेटती शेगडी किंवा बार्बेक्यूचे निखारे ऊब म्हणून तंबूत घेऊ नका. विझत आलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. आणि दारू घेतलेल्याने पाण्याकडे फिरकायचं नाही, हे जाण्याआधीच घरी ठरवून टाका. तिथे कुणी कुणाचं ऐकत नाही.

प्रश्न : सुट्टीत मुलाला गावच्या बंधाऱ्यावर पोहायला शिकवावं म्हणतो. पाणी संथ असतं. कुंड किंवा रांजणखळगे जवळ आहेत, तिथे शिकवलं तर? बरोबर काय न्यावं? — दहिसर

उत्तर : शिकवायला तरणतलाव किंवा पायऱ्यांची विहीरच बरी. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला खांबांच्या खाचांत बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) बसवतात, साधारण ऑक्टोबरमध्ये घालतात आणि पावसाळ्याआधी काढतात. बरगे असताना वरच्या अंगाला पाणी संथ दिसतं, पण तळाशी दोन बरग्यांच्या फटीतून ते जोराने खेचलं जात असतं. पाय किंवा लुंगीचा सोगा त्या फटीला लागला की सुटत नाही. एखादा बरगा काढलेला असेल तर तो गाळा म्हणजे तोंडच. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पडणारं पाणी जागच्या जागी उलटं फिरतं, सापडलेल्याला पुन्हा भिंतीकडे ओढतं. आणि त्या फेसात हवा इतकी असते की पट्टीचा पोहणाराही नीट तरंगत नाही. भिंतीपासून दोन्ही बाजूंनी पन्नास पावलं लांब राहा.

रांजणखळगे तर नकोच. निघोजला कुकडीत आहेत तसे हे खळगे दगडगोटे फिरून कातळात कोरले गेलेत. तोंडाशी अरुंद, पोटात फुगीर, भिंती शेवाळलेल्या आणि गुळगुळीत. बाहेर यायला नखालाही आधार नाही. कुंडमळ्याला इंद्रायणीतही तेच. शिवाय १५ जून २०२५ ला तिथला जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळून चार जणांचा जीव गेला. तेव्हा पाणी बघायला पुलावर घोळका करून थांबू नका, ओलांडा आणि पुढे व्हा.

बरोबर १५ ते २० मीटर दोर न्या, ८ ते १० मिलिमीटर जाडीचा, पीपीचा (पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकचा). तो तरंगतो, नायलॉनचा आणि सुती बुडतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतो. एका टोकाला पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन बांधा आणि त्यात पेलाभर पाणी ठेवा. रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो, पेलाभर पाण्याने तो नेम धरून फेकता येतो. फेकताना बुडणाऱ्याच्या पलीकडे टाका आणि दोर त्याच्या हातावर येईल असा ओढा. दोर स्वतःच्या मनगटाला गुंडाळू नका.

बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं, यातलं काही करू नका. पोटातलं पाणी वर येऊन फुफ्फुसात जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. श्वास नसेल तर नाक दाबून तोंडाने आधी दोन ते पाच श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, असं १०८ येईपर्यंत. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्या.

प्रश्न : आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. नदीच्या पाणवठ्यावर जाणारी पिढ्यान्‌पिढ्यांची पायवाट एका फार्महाऊसवाल्याने तारेचं कुंपण घालून बंद केली. गणपतीला गेलो तेव्हा कळलं. म्हणतो, नदीपर्यंत सगळं माझं. मुंबईत बसून काय करता येईल? आणि तो म्हणतो नदीत गळ टाकायलाही त्याची परवानगी लागेल! — लालबाग

उत्तर : गळाचं आधी, कारण ते सोपं. नदी त्याची नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, नाले आणि त्यांची पात्रं शासनाची. मासेमारीवर बंधनं आहेत ती मत्स्यव्यवसाय खात्याची : सुरुंग आणि विष वापरणं गुन्हा, आणि धरणाच्या जलाशयात ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तिथे संस्थेला विचारूनच गळ टाकायचा.

आता पायवाट. पात्र सरकारचं असलं तरी तिथवर जाणारी वाट आपोआप सार्वजनिक होत नाही, ती दाखवावी लागते. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रमाणित प्रत काढा. ऑनलाइन नकाशात गटांच्या रेषा दिसतात. वाटा पाहायला जुना गाव नकाशाच हवा. त्यात पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवतात आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने, साडेसोळा ते एकवीस फूट. तुमची वाट नकाशात असेल तर प्रकरण अर्धं संपलं. ग्रामपंचायतीकडे ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली अडथळा काढण्याचा अर्ज द्या, एक प्रत तहसीलदारांना, दोन्हींवर पोच घ्या.

नकाशात नसेल आणि वाट तुमच्या नावच्या शेताकडे किंवा बागेकडेही जात असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा दाखल करता येतो. त्यासाठी सातबारा, कुंपणाचे तारखेसह फोटो, वहिवाट सांगणारे शेजारच्या दोन-चार वयस्कर माणसांचे जबाब आणि पंचनामा लागेल. तहसीलदार जागेवर येऊन पाहतात, तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी गावात असायला हवं. भावकीतल्या कुणाला तरी मुखत्यारपत्र द्या, नाहीतर तारखांना हजर राहता राहता रजा संपतील.

कुंपण स्वतः तोडू नका, उलट तक्रार तुमच्यावरच होईल. या दाव्याला अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, आणि कुंपण गणपतीच्या आधीच पडलेलं आहे. शिमग्याला गेल्यावर बघू म्हणालात तर ती निघून गेलेली असेल.